पत्र्यावरची भानामती

गेल्या उन्हाळ्यात ओळखीतल्या एका घरी भर दुपारी पत्र्यावर खडे पडू लागले. टक्. मग पाच-दहा मिनिटं शांतता. पुन्हा टक्, टक्. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी निदान केलं, भानामती! चौथ्या दिवशी मी शिडी लावून वर चढलो. खडा एकही नव्हता. चपट्या, तपकिरी, कोटाच्या बटणाएवढ्या बिया होत्या आणि स्प्रिंगसारखा पीळ पडलेल्या काही लाकडी पट्ट्या. घरामागे कांचनाचं झाड होतं. भानामती सहसा दुपारी कडक ऊन पडल्यावरच का येते, हे कोणी विचारलं नव्हतं.

शेंगा धरणारी आपल्याकडची झाडं बिया पसरवायला नाना युक्त्या करतात. बहाव्याची हातभर लांब नळी आपणहून उघडतच नाही. आत एकेक बी आपापल्या खोलीत काळ्या, गोड गरासोबत बसलेलं असतं, कोल्ह्या-माकडांची वाट बघत. पळस शेंगेच्या टोकाला एकच बी ठेवतो आणि उरलेली पापडी वाऱ्यावर सोडून देतो. गुलमोहराच्या शेंगा, म्हणजे आपल्या लहानपणच्या तलवारी, महिनोन् महिने झाडावरच लटकतात. कांचन मात्र बी फेकतो. मला त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि चौकटीत अडकतं. ते फुगतं रुंदीत, उंचीत जवळपास नाहीच. कारण लाकडातले सेल्युलोजचे तंतू उभे असतात. पाणी शिरतं ते तंतूंच्या मधल्या जागेत, त्यामुळे तंतू एकमेकांपासून लांब सरकतात, पण स्वतः लांब होत नाहीत. सुकताना याच्या उलट. लाकूड तंतूंना आडवं आकसतं.

कांचनाच्या शेंगेची प्रत्येक फाक अशा दोन थरांची असते. एका थरातले तंतू शेंगेच्या लांबीशी ४५ अंश एका बाजूला कललेले, दुसऱ्यातले तितकेच दुसऱ्या बाजूला. म्हणजे दोन्ही थर एकमेकांना काटकोनात. सुकताना बाहेरचा थर एका कर्णावर आकसतो आणि फाकेला बाहेर वाकवू बघतो. आतला थर दुसऱ्या कर्णावर आकसतो आणि आत वाकवू बघतो. दोघांचं ऐकायचं तर फाकेला घोड्याच्या खोगिरासारखा आकार घ्यावा लागेल. पण सपाट पट्टी ताणल्या-फाडल्याशिवाय खोगीर होऊ शकत नाही, हा भूमितीचा नियम आहे. शेवटी रुंद पट्टी एकाच कर्णाचं ऐकते आणि तिरकी गुंडाळली जाते. कागदाची पट्टी पेन्सिलीवर तिरकी गुंडाळून बघा, तोच पीळ.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या एरन शॅरन यांच्या गटानं २०११ साली 'सायन्स' नियतकालिकात हे गणित मांडलं. लेटेक्स रबराचे दोन पातळ तुकडे काटकोनात ताणून एकमेकांना चिकटवले आणि त्यातून तिरक्या पट्ट्या कापल्या. रुंद पट्टीचा स्प्रिंग झाला. अरुंद पट्टी मात्र पिळलेल्या रिबिनीसारखी झाली, कारण रुंदी कमी असली की ताणाची किंमत परवडते आणि खोगीर शक्य होतं. (हे वाक्य पुन्हा वाचावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नका, मलाही लागलं होतं.)

शेंगेच्या दोन फाका आरशातल्या प्रतिमेसारख्या असतात, म्हणून एक डावीकडे पिळते, एक उजवीकडे. दोन्ही कडांच्या शिवणींनी त्यांना जखडून ठेवलेलं असतं. ऊन वाढतं, ताण साठत जातो, आणि एका क्षणी शिवण उसवते. टक्! यातला गमतीचा भाग असा की हे सगळं काम मेलेल्या पेशी करतात. झाडाचा त्या क्षणाशी काहीही संबंध उरलेला नसतो.

या खेळात कांचनाला मागे टाकणारे भाऊबंद आहेत. आफ्रिकेत गॅबनच्या जंगलातलं टेट्राबर्लिनिया मोरेलियाना हे उंच झाड आपल्या बिया ५० मीटरहून लांब फेकतं.

अशा शेंगांवरून 'आपोआप घडी घालणारे रोबो' येणार, असं अधूनमधून छापून येतं. येतील तेव्हा येतील. शेंगेला स्वतःला ते एकदाच करायचं असतं, हजार वेळा नाही, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

आजींना मी पीळ पडलेली एक फाक दिली आणि ती रात्रभर बादलीत बुडवून ठेवायला सांगितलं. सकाळी ती जवळजवळ सरळ झालेली होती. उन्हात ठेवली, दुपारपर्यंत पुन्हा पीळ. दुसरी फाक मी घरी आणून खिडकीत टांगली आहे. जूनमध्ये पहिला पाऊस झाला, त्या रात्री तिचा पीळ थोडा सैलावलेला दिसला.