रेशीम संघगृह, नानशुन

चीनच्या चेज्यांग प्रांतात, ताय सरोवराच्या दक्षिणेस हूचौजवळ नानशुन हे कालव्याकाठचे गाव आहे. तेथील कच्च्या रेशमाच्या व्यापाऱ्यांनी बांधलेली ही संघवास्तू. तिचे चिनी नाव ‘स्स-ये ह्वेइग्वान’ (स्स : रेशीम; ये : धंदा; ह्वेइग्वान : एकत्र जमण्याचे घर). हल्लीची इमारत साधारण १९१० ते १९१२ या काळातील आहे. व्यापाऱ्यांची संघटना मात्र त्याहून जुनी असून ती बहुधा १८६५ मध्ये स्थापन झाली.

या संघटनेला आरंभी ‘गोंगस्वो’ म्हणत. इमारतीवर मात्र ‘ह्वेइग्वान’ हे नाव आले. ढोबळमानाने ह्वेइग्वान म्हणजे परमुलखात गेलेल्या एकाच गावच्या लोकांचे घर आणि गोंगस्वो म्हणजे एकाच धंद्यातील लोकांची संघटना. हा भेद पाठ्यपुस्तकात नीट बसतो, प्रत्यक्षात फारसा टिकत नाही. नानशुनचे सभासद गावचेच व्यापारी होते, परमुलखातले नव्हेत; तरीही त्यांनी ह्वेइग्वान हा शब्द पत्करला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही शब्द सरमिसळ वापरले जात होते, हे त्याचे साधे स्पष्टीकरण पुरेसे वाटते. ह्वेइग्वान संस्थेचा उगम पूर्वी सोळाव्या शतकात मानला जाई. इतिहासकार हो पिंग-ती यांनी पेकिंगमधील (आजचे बीजिंग) वूहू या गावच्या लोकांच्या घराचा दाखला देऊन तो पंधराव्या शतकाच्या आरंभी, योंगल सम्राटाच्या काळात (१४०३–२४) नेला. आज हेच मत अधिक ग्राह्य धरले जाते. मात्र ती घरे मुख्यतः अधिकारी व सरकारी सेवेच्या परीक्षेसाठी राजधानीत आलेले परीक्षार्थी यांची होती. धंदेवाईक संघांची परंपरा त्यांच्यापासून सरळ रेषेत काढता येत नाही.

नानशुनच्या व्यापाराचा पाया म्हणजे जवळच्या छीली गावचे रेशीम. युरोपच्या बाजारात ते ‘त्सातली’ नावाने विकले जाई. गावाच्या नावाची मूळ चिनी अक्षरे ‘सात ली’ अशी आहेत (ली हे अंतराचे माप). नानशुनपासूनच्या अंतरावरून ते पडले असावे. पुढे पहिल्या अक्षराच्या जागी ‘गोळा करणे, जुळवणे’ या अर्थाचे अधिक भारदस्त अक्षर आले. हा बदल बहुधा अठराव्या शतकातला. स्थानिक वू बोलीत दोन्ही अक्षरांचे उच्चार जवळजवळ सारखे असल्याने ऐकणाऱ्याला फरक जाणवला नसणार. दक्षिणेकडील कँटन (आजचे ग्वांगचौ) बंदराच्या बोलीत मात्र सातचा शब्द ‘त’वर संपतो आणि नव्या अक्षराचा ‘प’वर. ‘त्सातली’मधला ‘त’ त्यामुळे महत्त्वाचा ठरतो : युरोपीय व्यापाऱ्यांच्या कानी जुने नाव पडले आणि तेही कँटनकरांच्या तोंडून. १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्यांना कँटन हे एकच बंदर खुले होते, याच्याशी हे जुळते.

शांघाय बंदर १८४३ मध्ये उघडले आणि नानशुनचा माल दूरच्या कँटनऐवजी जलमार्गाने जवळच्या शांघायला जाऊ लागला. त्या काळच्या गावच्या स्थलवर्णनात रेशीमपेढ्यांचे प्रकार दिले आहेत. कँटनच्या व्यापाऱ्यांची सरबराई करणाऱ्या किंवा शांघायला परदेशीयांशी सौदा करणाऱ्या त्या ‘ग्वांग’ पेढ्या. खेड्यातले रेशीम विकत घेणाऱ्या वेगळ्या. ताण्याच्या सुताच्या वेगळ्या. छोट्या पेढ्यांचे काम मोठ्यांना माल पुरवणे. सर्वांत खाली शेतकऱ्याचा माल विकून देऊन किरकोळ दलाली कापणारा माणूस असे. सौद्यात दुभाष्याला फार महत्त्व होते आणि शांघायमधील रेशीम-दुभाष्यांत नानशुनची माणसे पुष्कळ होती. मालाची पारख कशी होई याची एक आख्यायिका गावात सांगतात : साध्या धाग्याला सहा तांब्याची नाणी लटकवता येत, छीलीच्या धाग्याला आठ.

लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात शांघायस्थित कँटनी व्यापारी श्यू रोंगत्सुन याने हूचौ परिसराच्या रेशमाच्या बारा गासड्या पाठवल्या व पारितोषिक मिळवले. चिनी लेखनात याला बहुधा ‘सुवर्णपदक’ म्हणतात. त्या प्रदर्शनाची पदके ब्राँझची होती, तेव्हा हा शब्द सन्मानार्थी समजावा.

वास्तूचे दर्शनी प्रवेशद्वार पाश्चात्त्य धाटणीचे, विटांचे आहे. त्यावर चार मोठी चिनी अक्षरे आणि त्यांखाली इंग्रजीत ‘सिल्क गिल्ड’ ही अक्षरे कोरलेली आहेत. आत मात्र लाकडी खांबांचे पारंपरिक चिनी दालन असून त्याचे नाव ‘दुआन-यी थांग’ (सचोटी व न्याय यांचे दालन). येथे एका वेळी पन्नास मेजांची पंगत बसे, असे सांगतात. वसंतात रेशीमकिड्याच्या देवतेच्या निमित्ताने सभासद जमत. संघाच्या रोजच्या कामकाजापेक्षा या पंगतीचीच आठवण गावात अधिक टिकलेली दिसते.

सभासदांच्या श्रीमंतीवरून ‘चार हत्ती, आठ बैल, बहात्तर सोनेरी कुत्रे’ अशी म्हण रूढ झाली. हत्तीची पात्रता काहींच्या मते दहा लाख ताएल (चांदी तोलण्याचे चिनी माप) चांदी, काहींच्या मते एक कोटी; पहिला आकडा अधिक संभवनीय दिसतो, कारण दुसऱ्याने एका गावात चार कोटींचे धनी मानावे लागतील. ल्यू, जांग, पांग व गू ही चार घराणी हत्ती होत. जांग घराण्यातील जांग जिंगज्यांग याने चिनी क्रांतिनेते सुन यत-सेन यांना क्रांतीसाठी पैसा पुरवला. पांग युआनजी याने १८९० च्या दशकात हांगचौ परिसरात वाफेवर चालणाऱ्या सूतकताईच्या गिरण्या काढल्या. पुढे तो चित्रसंग्राहक म्हणून अधिक गाजला.

इमारत उभी राहिली तेव्हा धंदा उतरणीला लागला होता. हाताने काढलेल्या धाग्याची जाडी सारखी नसे. अमेरिकेच्या यंत्रमागांना एकसारखे सूत हवे होते आणि ते जपान देत होता. १९१० च्या आसपास कच्च्या रेशमाच्या निर्यातीत जपान चीनच्या पुढे गेला. प्रवेशद्वारावरची इंग्रजी अक्षरे ज्या गिऱ्हाइकासाठी कोरली, ते तेव्हा जपानच्या योकोहामा बंदराकडे वळत होते. पुन्हा गुंडाळून एकसारखे केलेले ‘ताण्याचे’ सूत काही वर्षे तग धरून राहिले. १९३० च्या जागतिक मंदीनंतर तेही मागे पडले.

एकोणिसाव्या शतकात येवल्याच्या मागांवर मुंबईमार्गे आलेले चिनी रेशीमही लागे. त्याचा संबंध थेट नानशुनशी जोडणे घाईचे ठरेल.

ही वास्तू व गावातील रेशीमव्यापाऱ्यांची घरे यांना २०१३ मध्ये राष्ट्रीय संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला. २०१४ मध्ये चीनचा महाकालवा जागतिक वारसा यादीत आला, त्यात नानशुनचा जुना भाग व त्याजवळचा ‘दी-थांग’ कालवा अंतर्भूत आहे. चीनमधील रेशीमनिर्मितीची हस्तकला त्याआधी, २००९ मध्ये, युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाली होती.