एका वर्गावर दोन सर: पुण्यातल्या आंतरविद्याशाखीय शिकवण्याची पार्श्वभूमी

फर्ग्युसन कॉलेज 1885 ला सुरू झालं, तिथे आर्ट्स-सायन्स एका आवारात आहे आणि गणेशखिंडीत विद्यापीठ आलं 1949 ला. पण आवार एक असलं तरी स्टाफरूम वेगळ्याच राहिल्या. वेगवेगळ्या विषयांच्या शिक्षकांनी एकत्र शिकवण्याच्या शिफारशी अधूनमधून यायच्या, पुढे काही नाही.

खरी सुरुवात, माझ्या मते, पर्यावरणाच्या पेपरपासून. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा विषय सगळ्यांना शिकवा, मग 2003 ला परत कान उपटावे लागले, तेव्हा कुठे पदवीसाठी 50 तासांचा सक्तीचा अभ्यासक्रम तयार झाला. आता त्यात परिसंस्था, लोकसंख्या, कायदे, प्रदूषण असं सगळंच, म्हणजे बॉटनी, भूगोल, अर्थशास्त्रवाल्यांनी मिळून शिकवावं असा विषय. आपल्याकडे झालं काय, तर ज्याचे तास कमी पडतायत त्याच्या गळ्यात तो पेपर.

आणि हे तासांचं प्रकरण समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला 16 तास शिकवणं भरावं लागतं, त्याच्या वरच्यांना 14. एका वर्गावर दोघं उभे राहिले तर तो तास कुणाच्या नावावर लावायचा? अर्धा-अर्धा धरला तर दोघांचाही वर्कलोड कमी दिसतो, आणि कमी दिसला की पद जाण्याची भीती, सीएचबीवाल्यांना, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना, तर तासावरच पैसे, त्यांनी काय करायचं? त्यामुळे दोघांना मनापासून एकत्र शिकवायचं असलं तरी टाइमटेबलवर एकाचंच नाव. पोरांना शेवटी दोन विषयांचा मेळ घरी जाऊन स्वतःच घालावा लागतो.

शब्दाचाही घोळ आहेच. बोलताना फॅकल्टी म्हणजे शिक्षक, कायद्यात फॅकल्टी म्हणजे विद्याशाखा. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने जुन्या ढीगभर विद्याशाखा गुंडाळून चारच केल्या: विज्ञान-तंत्रज्ञान, वाणिज्य-व्यवस्थापन, मानव्यविद्या, आणि चौथी आंतरविद्याशाखीय. नाव ऐकून वाटेल की इथे फिजिक्स आणि इतिहासवाले एकत्र बसतात. छे! तिथे गेलं शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, थोडक्यात जे बाकी तिघांत बसेना ते. बरं या विषयांना मी कमी लेखत नाहीये, उलट कसं शिकवावं याचा अभ्यास करणारं शिक्षणशास्त्र सगळ्यांच्या मध्ये हवं होतं, त्याला एका वेगळ्या कप्प्यात टाकलं हा निर्णय मला अजूनही पटत नाही. चार केल्याने समित्या कमी झाल्या, कारभार सुटसुटीत झाला, असं म्हणणारेही आहेत आणि ते अगदीच चूक नाही.

मग आलं 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. आपल्याकडे पदवीला ते 2023-24 ला स्वायत्त कॉलेजांत आणि 2024-25 ला बाकी संलग्न कॉलेजांत लागू झालं, मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (ओई) वगैरे. ओई म्हणजे पोराने स्वतःच्या शाखेबाहेरचा विषय घ्यायचा. म्हणजे विद्यार्थी कुंपण ओलांडतो, सर आहेत तिथेच. कॉमर्सच्या पोरांना केमिस्ट्री शिकवणाऱ्याने कॉमर्सच्या सरांशी एकदा तरी बसून बोलावं, पण ती बैठक वर्कलोडच्या तक्त्यात बसत नाही. ज्यांना बोलायचंय ते बोलतात, कँटीनमध्ये, ऑफ तासाला.