डेंपोची पाच विजेतेपदे आणि २०१६ ची माघार : पार्श्वभूमी

पणजीच्या डेंपो स्पोर्ट्स क्लब या फुटबॉल क्लबचा विषय निघाला की जुने समर्थक दोन गोष्टी हमखास सांगतात. आपण पाच वेळा देशाचे विजेते झालो, ही पहिली. आणि मग क्लब बंद पडला, ही दुसरी. पहिली खरी आहे. दुसरी खरी नाही, तरीही ती इतक्या वेळा सांगितली गेली आहे की २०१६ मध्ये नेमके काय घडले, हे सविस्तर मांडणे आवश्यक झाले आहे.

गोव्यात फुटबॉल पोर्तुगीज काळातच रुजला आणि मुक्तीनंतर त्याला खाण उद्योगाचा भक्कम आधार मिळाला. साळगावकर, सेसा आणि डेंपो हे क्लब त्याच आधारावर उभे राहिले. या प्रदीर्घ कालखंडाबद्दल अन्यत्र बरेच लिहिले गेले आहे. समर्थकांच्या मनात घर करून असलेले दिवस मात्र २००४ ते २०१२ या वर्षांतले आहेत.

त्या दिवसांची सुरुवातच दुःखाने झाली. डिसेंबर २००४ मध्ये बंगळुरूला झालेल्या फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात डेंपोने मोहन बागानला २-० असे हरवले. दोन्ही गोल करणारा ब्राझीलचा तरुण आघाडीपटू दुसऱ्या गोलाच्या वेळी प्रतिस्पर्धी गोलरक्षकाशी झालेल्या टकरीनंतर मैदानावर कोसळला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. त्याची १० क्रमांकाची जर्सी क्लबने कायमची निवृत्त केली. त्याच हंगामात डेंपोने प्रथमच राष्ट्रीय लीग जिंकली, आणि ते विजेतेपद आजही त्या खेळाडूच्या आठवणीपासून वेगळे काढता येत नाही.

त्यानंतर २००६-०७ मध्ये पुन्हा राष्ट्रीय लीग, आणि ‘आय-लीग’ असे नवे नाव मिळाल्यावर २००७-०८, २००९-१० व २०११-१२ अशी आणखी तीन विजेतेपदे आली. पाचही वेळा प्रशिक्षक तोच होता आणि तो गोव्याचाच होता. २००८ मध्ये संघाने एएफसी चषक या आशियाई क्लब स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली. आय-लीगच्या पहिल्या सहा हंगामांत डेंपोने तीन, चर्चिल ब्रदर्सने दोन आणि साळगावकरने एक, अशी सर्वच विजेतेपदे गोव्यात आली. देशाच्या फुटबॉलचे केंद्र काही वर्षे मांडवी आणि जुवारीच्या काठी होते असे म्हटले, तर त्यात अतिशयोक्ती नाही.

उतरतीचे कारण म्हणून २०१२ च्या खाणबंदीकडे बोट दाखवले जाते. डेंपोच्या बाबतीत हे स्पष्टीकरण अपुरे वाटते, कारण क्लबमागच्या डेंपो उद्योगसमूहाने आपला खनिज व्यवसाय २००९ मध्येच विकला होता आणि शेवटची दोन विजेतेपदे त्यानंतरची आहेत. २०१४-१५ च्या हंगामात मात्र संघ अकरांपैकी दहाव्या स्थानी राहिला. अकराव्या स्थानी पुण्याचा भारत एफसी होता, परंतु त्याला थेट प्रवेश देण्यात आलेला असल्यामुळे पदावनतीपासून संरक्षण होते. त्यामुळे शेवटून दुसरा असलेला डेंपो खाली गेला. नियम आधीच ठरलेला होता, हे मान्य करावे लागते. पण ज्या संघाला वाचवले गेले तो पुढच्या हंगामात मैदानात उतरलाच नाही, हे समर्थक अजूनही विसरलेले नाहीत.

डेंपोने तक्रारीत वेळ घालवला नाही. २०१६ मध्ये आय-लीगचा द्वितीय विभाग जिंकून त्याने वरचे स्थान परत मिळवले, आणि नेमक्या त्याच वर्षी ‘वरचे स्थान’ या शब्दांचा अर्थच बदलला. भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याच्या व्यावसायिक भागीदारांनी मांडलेल्या आराखड्यात २०१४ मध्ये सुरू झालेली इंडियन सुपर लीग अव्वल ठरणार होती, तर आय-लीग दुसऱ्या पायरीवर जाणार होती. खालून वर जाण्याची वाट त्यात तूर्त नव्हती. म्हणजे द्वितीय विभाग जिंकून वर आलेला संघ प्रत्यक्षात दुसऱ्याच श्रेणीत खेळणार होता. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा यांनी याविरुद्ध आय-लीगमधून माघार घेतली आणि डेंपोही बाहेर पडला.

या निर्णयावर आक्षेपही घेतले गेले. डेंपो आणि साळगावकर यांच्यामागचे उद्योगपती नव्या लीगमधील एफसी गोवा संघाच्या संस्थापक मालकांत होते, त्यामुळे ही माघार तत्त्वासाठी होती की सोयीसाठी, असा प्रश्न विचारला गेला. तो रास्त आहे. नव्या लीगच्या सामन्यांना फातोर्ड्याचे मैदान भरत होते आणि जुन्या लीगला ओस पडत होते, हेही खरे. तरीही माझ्या मते मूळ आक्षेपाचे वजन यामुळे कमी होत नाही: मैदानावर कमावलेली श्रेणी कागदावर काढून घेता येते का, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या वेळी कोणी दिले नाही.

‘माघार’ या शब्दाचा गोंधळ येथूनच सुरू झाला. डेंपोने राष्ट्रीय स्पर्धेतून माघार घेतली. क्लब विसर्जित केला नाही. गोवा प्रोफेशनल लीगमध्ये संघ खेळत राहिला आणि जुने गोवे येथील एला अकादमीत मुलांचा सराव सुरू राहिला. पुण्याचे दोन संघ त्याच सुमारास खरोखर बंद झाले, त्यामुळे सर्वांची गणना एकाच यादीत होऊ लागली.

२०१९ मध्ये आशियाई महासंघाच्या संमतीने सुपर लीग अधिकृतपणे अव्वल ठरली. आय-लीगच्या विजेत्याला बढती देण्याची सुरुवात २०२२-२३ च्या हंगामापासून झाली. वरून खाली येण्याची तरतूद तेव्हाही अमलात आली नाही. डेंपोने २०२३-२४ मध्ये खालच्या विभागातून पुन्हा बढती मिळवली आणि २०२४-२५ मध्ये, नऊ हंगामांच्या खंडानंतर, आय-लीगमध्ये पुनरागमन केले. तोवर ती स्पर्धा देशात दुसऱ्या क्रमांकाची झाली होती.