नव्या घराभोवती झाडे लावणाऱ्यांसाठी : पाण्याविषयी थोडे

आमच्याकडून नेलेले रोप पहिल्याच उन्हाळ्यात वाळले, अशी तक्रार दरवर्षी मे महिन्यात येते आणि पाणी किती घालत होता असे विचारले की "रोज संध्याकाळी तांब्याभर" हे उत्तर हमखास मिळते. झाड जाते ते त्या तांब्यामुळेच.

गेल्या उन्हाळ्यात एका ग्राहकांच्या अंगणातला वाळलेला करंज आम्ही त्यांच्यासमोर उकरून काढला. वरची वीतभर माती ओलसर होती आणि सारी तंतुमुळे तेवढ्यातच जाळीसारखी पसरली होती. खालचा मुरूम मात्र इतका कोरडा, की पहार मारताच धुरळा उडाला. मुळे ओल असेल तिथेच वाढतात. त्यामुळे रोजच्या थोड्या पाण्यावर ती वरच राहतात आणि घरची मंडळी चार दिवस गावाला गेली, की सोलापूरच्या चाळीस अंशांपुढच्या उन्हात ती वीतभर मातीही तापून कोरडी होते.

लागवडीनंतरचे पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड पाणी द्यावे. पुढे खोडालगत मातीची थोडी भर देऊन सभोवती दीड-दोन फूट त्रिज्येचे आळे करावे आणि त्यात दोन बादल्या पाणी सावकाश जिरवावे. मुरमाड जमिनीत थंडीत आठ-दहा दिवसांनी आणि उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी एवढे पुरते. काळ्या जमिनीत अंतर आणखी वाढवता येते. शंका वाटल्यास खुरप्याने वीतभर खालची माती काढून मुठीत दाबावी, आणि तिचा लाडू वळला तर त्या दिवशी पाणी घालू नये. आळ्यात उसाचे पाचट चार बोटे जाड पसरावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये. दुसऱ्या वर्षी आळे रुंद करावे. खोडाजवळ गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरलेले, कमी भाजलेले पाझरते मडकेही उत्तम काम देते. आम्ही तशी मडकी ठेवतो. घरातला जुना माठ मात्र शक्यतो वापरू नये, कारण क्षारांनी त्याची छिद्रे बुजलेली असतात.

आमची रोपे दारावर येणाऱ्या गाडीवरच्या रोपांपेक्षा बुटकी का, असेही विचारले जाते. लहान पिशवीत पुरुषभर वाढवलेल्या रोपाची मुळे तळाशी गुंडाळलेली असतात आणि ती पुढेही सहजासहजी सुटत नाहीत, म्हणून आम्ही तशी रोपे विकत नाही. वास्तुशांतीचा मुहूर्त असला तरी एप्रिल-मेमध्ये रोप देण्याचेही आम्ही टाळतो, यावर काही ग्राहक नाराज होतात. आपल्याकडे सप्टेंबरात चांगला पाऊस होतो, तेव्हा जून-जुलै हुकले तरी वर्ष वाया जात नाही.

सावलीसाठी घराच्या पश्चिमेला कडुनिंब किंवा करंज, आणि कुंपणालगत सीताफळ, आवळा, शेवगा लावावा. हिरवळीची हौस असल्यास ती अंगणाच्या एका कोपऱ्यापुरतीच ठेवावी.

दोन फुटी खड्डे उन्हात तापवून, शेणखत आणि निंबोळी पेंड घालून भरून देण्याचे कामही आम्ही घेतो. त्यासाठी अक्षय्य तृतीयेपूर्वी कळवावे आणि येताना जागेतली मूठभर माती सोबत आणावी.