गाडी वळवताना आवाज येतो? आधी तो कधी येतो ते पाहा

"वळताना पुढून काहीतरी वाजतंय, बघून घ्या" एवढे सांगून किल्ली देणारे ग्राहक आमच्याकडे नेहमी येतात. तपासणी आम्ही करतोच. पण हा आवाज फसवा असतो. गॅरेजात उभ्या गाडीत तो बऱ्याचदा येतच नाही. मग अंदाजाने एकेक भाग बदलून पाहावा लागतो, खर्च तुमचा होतो आणि आवाज तसाच राहतो. असे काम आम्हाला करायचे नाही. त्यासाठी तुमची मदत हवी. आवाज कसा आहे हे तर सांगाच, पण तो नेमका कधी येतो हे त्याहून महत्त्वाचे आहे. गाडी उभी असताना नुसते स्टिअरिंग फिरवले तरी येतो, हळू चालवत पूर्ण वळण घेताना येतो, की वेगात असताना सौम्य वळणावर येतो?

हळू वेगात, पूर्ण वळणावर: कट-कट-कट

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून अ‍ॅक्सिलरेटर दिला की कट-कट वाजते आणि गाडी सरळ झाली की थांबते. पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत असे झाले, तर पहिला संशय बाहेरच्या सीव्ही जॉइंटवर. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या शाफ्टच्या टोकाला हा सांधा असतो. चाक वळलेले असतानाही ते फिरत राहावे, हे त्याचे काम. आत पोलादी गोळ्या आणि ग्रीस असते, वरून रबरी आवरण, म्हणजे बूट. जॉइंट सहसा आपणहून खराब होत नाही, आधी बूट फाटतो. फटीतून ग्रीस बाहेर उडते, धूळ-पाणी आत शिरते, गोळ्यांच्या खाचा झिजतात आणि मग कट-कट सुरू होते.

म्हणून आवाज नसला तरी कधीतरी पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला नजर टाका. रिमच्या आत काळे चिकट ग्रीस उडालेले दिसले, तर गाडी लगेच आणा. त्या वेळी बहुधा बूट आणि ग्रीस बदलून भागते. आवाज यायला लागल्यावर मात्र नवे ग्रीस भरून उपयोग नाही. जॉइंट किंवा अख्खा शाफ्टच बदलावा लागतो. इतक्या स्वस्तात टळणारा मोठा खर्च गाडीत दुसरा क्वचितच असेल, म्हणून हे आवर्जून सांगतो.

वेग वाढेल तशी वाढणारी घरघर

ही चाकाच्या बेअरिंगची खूण. सरळ रस्त्यावर बारीक घूं-घूं असते, लांब वळणावर ती वाढते किंवा अचानक कमी होते. उजवीकडे वळताना गाडीचे वजन डाव्या चाकांवर जाते, त्यामुळे तेव्हा आवाज वाढला तर बहुधा डावे बेअरिंग, डावीकडे वळताना वाढला तर उजवे. गिअर न्यूट्रलला टाकून इंजिनाचा वेग उतरला तरी घरघर तशीच राहते, कारण ती चाकाच्या वेगाशी बांधलेली असते. इथे एक गफलत नेहमी होते: वेडेवाकडे झिजलेले टायरही अगदी असेच घोंगावतात. म्हणून आम्ही आधी टायर पाहतो, गरज पडल्यास पुढचे-मागचे अदलाबदल करून फिरवून बघतो. आवाज टायरबरोबर मागे गेला, तर बेअरिंगला हात लावायचे कारण नाही.

उभ्या गाडीतही आवाज

हायड्रॉलिक, म्हणजे पंपाने दाबलेल्या ऑइलवर चालणारे पॉवर स्टिअरिंग असेल आणि फिरवताना ते कण्हल्यासारखे वाजत असेल, तर आधी ऑइलची पातळी पाहा. कमी असेल तर ते कुठूनतरी गळते आहे. नुसते भरून गाडी पुढे दामटू नका. कंपनीने सांगितलेले ऑइलच वापरा. किंचाळल्यासारखा आवाज बेल्ट सैल झाल्याचा असू शकतो. स्टिअरिंग शेवटपर्यंत नेऊन तिथेच दाबून धरायची सवय असेल तर सोडा, पंपावर फार ताण येतो. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमध्ये बहुधा हे ऑइल नसतेच.

फिरवताना "टण्" असा झटका बसला आणि स्प्रिंग उसळल्यासारखी वाटली, तर शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या वरचे बेअरिंग अडकत असते. क्वचित स्प्रिंगच तुटलेली निघते. स्टिअरिंग व्हीलच्या आतून खरखर येत असेल, तर ते घरी उघडू नका. तिथे एअरबॅग असते.

हे आवाज आल्यास थांबा

करकर किंवा खट्-खट् वाजते, स्टिअरिंग सैल वाटते, गाडी एका बाजूला ओढते: बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) किंवा टाय रॉडचे (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) टोक झिजल्याची शक्यता असते. हे सुटले तर चाकावरचा ताबाच जातो. अशी गाडी चालवत आणू नका, फोन करा, आम्ही ती उचलून आणायची सोय सांगतो.

सगळेच आवाज बिघाडाचे नसतात. गुळगुळीत पार्किंगमध्ये टायर चिरकतात, त्याला दुरुस्ती नाही. नवे रुंद टायर बसवल्यावर वळणावर घासल्याचा आवाज आला, तर ते चाकाच्या वर, बॉडीच्या आतल्या बाजूला असलेल्या प्लास्टिकच्या आवरणाला लागत असतील. ब्रेक डिस्कमागच्या पत्र्यात अडकलेला खडाही कर्कश वाजतो. आणि गॅरेजात येण्याआधी डिकी रिकामी करून पाहा; सुटलेला जॅक वळणावर हुबेहूब सस्पेन्शनसारखा खडखडतो.

गाडी देताना आवाज ऐकणारी व्यक्ती सोबत आली तर उत्तम. तिच्याबरोबर आम्ही एक फेरी मारतो आणि काम झाल्यावर त्याच वळणांवर पुन्हा मारतो. काढलेला जुना भाग तुम्हाला दाखवतो. टाय रॉड किंवा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा सस्पेन्शनचा दांडा) बदलला असेल, तर व्हील अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी देत नाही.