‘अक्षरीत’ मेथड सापडत नाही? आधी फाइलच्या वरच्या ओळी बघा

आमची सी शार्पमधली बिलिंग लायब्ररी नाशिकजवळ सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि पिंपळगावच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये चालते. १,२५,५०० वर ‘अक्षरीत’ लावलं की बिलावर ‘एक लाख पंचवीस हजार पाचशे रुपये’ छापून येतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तरी फोन येतो तो एकच: “पॅकेज टाकलंय, पण रक्कम.अक्षरीत() खाली लाल रेघ येतेय.” तोवर पॅकेज काढून परत टाकून झालेलं असतं, व्हिज्युअल स्टुडिओ दोनदा बंद-चालू झालेला असतो. एका ठिकाणी तर डीएलएल (लायब्ररीची तयार फाइल) पेनड्राइव्हने आणून चिकटवली होती.

एरर सीएस१०६१ (‘अशी मेथड सापडत नाही’) असेल, तर बहुतेक वेळा यूझिंगची, म्हणजे फाइलच्या वर नेमस्पेस (कोडचा नाव दिलेला गट) आणणारी, ओळ राहिलेली असते. ‘अक्षरीत’ ही डेसिमल या संख्येच्या टाइपची स्वतःची मेथड नाही. ती आमच्या स्टॅटिक क्लासमधली स्टॅटिक मेथड आहे, फक्त पहिल्या पॅरामीटरआधी ‘धिस’ लिहिलंय; अशीला एक्स्टेन्शन मेथड म्हणतात. कंपायलर ती शोधतो तुमच्या फाइलच्या स्वतःच्या नेमस्पेसमध्ये आणि यूझिंगने आणलेल्या नेमस्पेसमध्ये. प्रोजेक्टला रेफरन्स दिला म्हणजे यूझिंग आपोआप आली असं होत नाही. ‘काल चालत होतं’ म्हणणाऱ्यांनी बहुधा कोड नव्या फाइलमध्ये उचलून नेलेला असतो आणि वरची ओळ जुन्या फाइलमध्येच राहिलेली असते. सी शार्प १० किंवा पुढची आवृत्ती असेल तर एकाच फाइलमध्ये ग्लोबल यूझिंग (सगळ्या प्रोजेक्टला लागू होणारी) लिहा, विषय संपला.

मेथड सरळ सिस्टिम नेमस्पेसमध्येच का टाकल्या नाहीत, असं काही जण जरा चिडूनच विचारतात. टाकता आल्या असत्या. पण मग आमची यादी तुमच्या जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये डॉट दाबताच उघडली असती, आणि दुसऱ्या कुणाच्या लायब्ररीत त्याच नावाची मेथड निघाली तर नेमकी कोणती घ्यायची यावर कंपायलर अडून बसला असता. हे आम्ही बदलणार नाही.

सीएस१९२९ आला तर यूझिंग ठीक आहे, टाइप जुळत नाही. मेथड डेसिमलसाठी आहे आणि तुम्ही ती इंटवर लावताय. साध्या पॅरामीटरमध्ये इंटचा डेसिमल आपोआप होतो, डॉटच्या डावीकडे होत नाही. कास्ट करा, किंवा रुपये.अक्षरीत(संख्या) असं क्लासच्या नावाने बोलवा. डेटाबेसमधून येणाऱ्या नलेबल (रिकाम्याही असू शकणाऱ्या) डेसिमलसाठी चालू आवृत्तीत वेगळी मेथड दिली आहे. जुनी आवृत्ती वापरत असाल तर अपडेट मागून घ्या.

डॅपर या डेटाबेस वाचणाऱ्या लायब्ररीतून टाइप न देता ओळी वाचणाऱ्यांनी मात्र जपून. त्या डायनॅमिक असतात (टाइप प्रोग्राम चालतानाच ठरतो), आणि डायनॅमिकवर एक्स्टेन्शन मेथड चालतच नाही. कंपाइल बिनबोभाट होतं, फुटतं ते गाडी गेटवर उभी असताना बिल छापायला गेल्यावर. रक्कम आधी डेसिमल व्हेरिएबलमध्ये घ्या.

तरीही अडलंच तर एरर नंबर आणि फाइलच्या पहिल्या दहा ओळी व्हॉट्सअॅपवर पाठवा. नुसता लाल रेघेचा फोटो नको. वार्षिक करारातल्या ग्राहकांच्या नव्या प्रोग्रामरला आम्ही गंगापूर रोडच्या ऑफिसात अर्धा दिवस बसवून हे सगळं करून दाखवतो, त्याची वेगळी फी नाही.