93 टक्के बॉडी लँग्वेज? थांबा जरा

वाळूज एमआयडीसीत कुठल्याही सुपरवायझर ट्रेनिंगला बसा, एक स्लाइड हमखास येते: बोलण्यात शब्दांचं वजन फक्त 7 टक्के, आवाजाचं 38 आणि चेहऱ्याचं 55, म्हणून साहेब लोकांनो, कामगाराचे शब्द कमी ऐका, हावभाव जास्त वाचा. हे चूक आहे.

आकडे आले अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 च्या दोन प्रयोगांतून. त्यात कुणी वाक्यंच बोलत नव्हतं, सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले, एका प्रयोगात सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले, आणि विचारलं काय तर बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. म्हणजे विषय आवडनिवडीचा, तोही शब्द आणि सूर जुळत नसताना. सगळ्या बोलण्याला हे लागू नाही असं खुद्द मेहराबियननेच सांगितलंय, पण स्लाइड काही बदलत नाही!

आता ऑपरेटर म्हणाला, "साहेब, रात्रपाळीपासून बेअरिंग गरम व्हायलंय, आवाज बी येतोय." यातलं रात्रपाळी, बेअरिंग, आवाज हे कोणत्या चेहऱ्यावर वाचणार? हाताची घडी घातली म्हणून तो नाराज असेलच असं नाही, कूलरसमोर उभा असेल बिचारा. सूर पडलेला वाटला तर सरळ विचारा की बाबा काय झालं, अंदाज नको. आणि मोबाइल खिशात ठेवून त्याचंच वाक्य परत म्हणा, "म्हणजे काल रात्रीपासून, आधी नव्हतं ना?" चुकलं असेल तर तो तिथंच दुरुस्त करतो, आणि मेंटेनन्सला काय कळवलं ते संध्याकाळपर्यंत त्याला सांगा.